सोमवारी सकाळचे शहाणे

मुलांनो, 'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल. अमेरिकेत तिची एक लांबची बहीण आहे. तिथे म्हणतात 'मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक', म्हणजे सोमवारी सकाळचा क्वार्टरबॅक! सामना होतो रविवारी. आणि सोमवारी सकाळी ऑफिसात, बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात जो तो सांगू लागतो, "छे छे, त्याने चेंडू डावीकडे टाकायलाच नको होता. मी असतो तर..." सगळं होऊन गेल्यावर अक्कल शिकवणाऱ्या माणसाला तिथे हेच नाव मिळतं. मग विषय खेळाचा असो, राजकारणाचा असो, नाहीतर शेजारच्यांच्या घराच्या रंगाचा!

आता गंमत बघा. संघात इतके खेळाडू, शिवाय प्रशिक्षक. पण भाषेत जाऊन बसला तो एकटा क्वार्टरबॅकच. चुका काढायच्या तर त्याच्याच, हे जणू आधीच ठरलेलं!

हा क्वार्टरबॅक कोण, ते आधी सांगायला हवं. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात! तोही गोल नाही, दोन्ही टोकांना निमुळता. मैदान १०० यार्ड लांब. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत निदान १० यार्ड, म्हणजे साधारण ९ मीटर, पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न. नाही सरकले तर चेंडू समोरच्यांचा. असं करत करत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की झालं टचडाऊन, सहा गुण!

प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू येतो क्वार्टरबॅकच्या हातात. पुढचे जेमतेम तीन सेकंद त्याचे. त्याचे चार-पाच साथीदार वेगवेगळ्या दिशांना पळत सुटतात, त्यांतला कोण मोकळा आहे हे त्याने हेरायचं आणि चेंडू अचूक त्याच्याकडे फेकायचा. तो आत्ता जिथे आहे तिथे नव्हे हं, अर्ध्या सेकंदाने जिथे पोहोचेल तिथे! आणि हे सगळं करताना समोरून सव्वाशे-दीडशे किलोंची माणसं त्याला जमिनीवर लोळवायला धावून येत असतात. त्याच्या पुढे उभे असलेले पाच धिप्पाड गडी त्यांना अडवतात. त्यांतला एक जरी घसरला तरी क्वार्टरबॅक गेलाच. एनएफएल या त्यांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत १९९४ पासून त्याच्या हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ असतो. प्रशिक्षक कानात डाव सांगतो. पण डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद! पुढचं त्याचं त्याने बघायचं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. या खेळात चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. लाथ मारून चेंडू खांबांमधून घालवणारा 'किकर' तिसराच. म्हणजे सामन्याचा जवळजवळ निम्मा वेळ क्वार्टरबॅक बाकावर बसून पाणी पीत असतो.

माझी थोरली बहीण फिलाडेल्फिया शहराजवळ राहते. २०२३ च्या शरद ऋतूत मी तिच्याकडे मुक्कामाला होतो, तेव्हा हा खेळ मला थोडा थोडा कळायला लागला. माझा गुरू म्हणजे माझा भाचा. वय वर्षं पंधरा, शाळेच्या धाकट्या संघाचा क्वार्टरबॅक! ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी त्यांचा सामना होता. ताई, भावोजी आणि मी थर्मास घेऊन लाकडी बाकांवर बसलो होतो. शेवटची दोन मिनिटं राहिली होती, आणि आमचा संघ थोडक्या गुणांनी मागे होता. भाच्याने चेंडू फेकला. तो त्याच्या दोस्ताच्या दोन्ही हातांवर आपटला, उडाला, आणि समोरच्या संघातल्या पोराने तो अलगद झेलला. याला म्हणतात इंटरसेप्शन. सामना संपल्यातच जमा.

आमच्या मागे बसलेले एक गृहस्थ, कोणाचे तरी वडीलच असणार, उठून मोठ्याने ओरडले, "काढा त्या क्वार्टरबॅकला!" ताईने थर्मासचं झाकण घट्ट आवळलं. ते आधीच घट्ट होतं.

रात्री जेवताना भावोजी म्हणाले, "अरे, चेंडू तर त्याच्या हाताला लागून उडाला. आम्ही पाहिलं ना."

"नाही बाबा. मीच जरा जोरात टाकला." असं म्हणून पोराने अर्धी पोळी तशीच ठेवली आणि उठला.

दुसऱ्या दिवशी कळलं, प्रशिक्षकांनाही त्याने हेच सांगितलं होतं. वहीत नोंदही त्याच्याच नावावर झाली. नियमच तसा आहे. साथीदाराच्या हातून चेंडू निसटला आणि समोरच्याने झेलला, तरी इंटरसेप्शन मांडलं जातं क्वार्टरबॅकच्या खात्यावर! मोठ्या खेळाडूंचंही तेच. सामन्यानंतर वार्ताहर माइक पुढे करतात तेव्हा चांगला क्वार्टरबॅक सहसा दोष स्वतःकडे घेतो. नाही घेतला तर उद्यापासून साथीदार त्याच्यासाठी जिवाच्या आकांताने पळतील कशाला? पण त्याचा परिणाम असा होतो की, ज्याला खरं काय ते माहीत असतं, तोच ते सांगत नाही.

आता रविवारचं ऐका. १५ ऑक्टोबर २०२३. फिलाडेल्फियाच्या 'ईगल्स' संघाचा सामना न्यूयॉर्कच्या 'जेट्स'शी होता. ईगल्स तोवरचे पाचही सामने जिंकलेले. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स म्हणजे भाच्याचा देव; खोलीत भिंतभर चित्र! सामना संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती आणि ईगल्स १४-१२ असे पुढे होते. हर्ट्सने चेंडू फेकला आणि तो गेला थेट जेट्सच्या हातात. त्या दिवशीचं त्याचं हे तिसरं इंटरसेप्शन. जेट्सनी लगेच टचडाऊन केलं आणि २०-१४ ने सामना घेतला.

भाच्याने सोफ्यावरची उशी भिरकावली. "काहीच येत नाही त्याला! उगीच डोक्यावर चढवलंय! काढा त्याला!"

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काल तुला कोणी असं म्हटलं तर जेवला नाहीस धड. आणि आज तूच?"

"आई, त्याला पैसे मिळतात! मला कोण देतं?"

ताई गप्प झाली. मीही. कारण पोराचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हर्ट्सने पाच वर्षांचा नवा करार केला होता, २५ कोटी ५० लाख डॉलरचा! एवढे पैसे घेणाऱ्याने वाईट खेळ केला तर वर्तमानपत्रांनी 'वाईट खेळला' असं लिहायचं नाही का? जरूर लिहावं. तीन इंटरसेप्शन म्हणजे तीन इंटरसेप्शन. तिकीट काढून आलेल्या माणसाला हळहळायचा, चिडायचा हक्क आहे. खेळ बघायचा आणि मत द्यायचं नाही, हे कसं जमेल?

माझा प्रश्न वेगळा आहे. मत द्यायचं ते कशावरून?

अमेरिकेत क्वार्टरबॅकला मोजायचं सर्वांत आवडतं माप म्हणजे सुपर बोल. हा वर्षाचा अंतिम सामना. 'याने किती सुपर बोल जिंकले?' हा प्रश्न आला की बाकीची चर्चा बंद. तेव्हा दोन लाथांची गोष्ट सांगतो.

जानेवारी १९९१. बफेलो शहराचा 'बिल्स' संघ अंतिम सामन्यात १९-२० असा एका गुणाने मागे होता. अवघे आठ सेकंद उरलेले. क्वार्टरबॅक जिम केली याने संघाला पुढे आणून ठेवलं होतं. आता किकर स्कॉट नॉरवुडने ४७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून घालवायचा, की तीन गुण आणि विजय! लाथ बसली, चेंडू उंच गेला, आणि उजव्या खांबाच्या बाहेरून निघून गेला.

फेब्रुवारी २००२. न्यू इंग्लंडचा 'पेट्रियट्स' संघ अंतिम सामन्यात १७-१७ अशा बरोबरीत होता. वेळ संपत आलेली. टॉम ब्रेडी या चोवीस वर्षांच्या क्वार्टरबॅकने संघाला पुढे आणून ठेवलं. किकर ॲडम विनातिएरी. अंतर ४८ यार्ड, म्हणजे नॉरवुडपेक्षा एक यार्ड जास्तच. चेंडू बरोबर मधून गेला.

ब्रेडी त्या सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिथून तो सात सुपर बोल जिंकून इतिहासातला सर्वांत मोठा क्वार्टरबॅक म्हणून नावाजला गेला, आणि त्याच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. २००० साली संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा १९८ जण निवडून झाल्यावर त्याचा नंबर लागला होता. तिथून वर येणं म्हणजे खायचं काम नव्हे. पण जिम केलीचं काय? बिल्स त्यानंतरही सलग तीन वर्षं अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि तीनही हरले. ओळीने चार वर्षं अंतिम सामना गाठणारा दुसरा संघ त्या स्पर्धेत झालेला नाही. तरी केलीचं नाव निघालं की लोक पहिलं काय म्हणतात? 'चार वेळा हरला तो.' त्या दोन लाथांच्या वेळी दोन्ही क्वार्टरबॅक मैदानाच्या कडेला उभे होते. चेंडूला त्यांचा हातही लागला नव्हता.

यापेक्षा मजेशीर उदाहरण पेटन मॅनिंगचं. २०१३ च्या हंगामात त्याने टचडाऊनचे ५५ पास फेकले. एका हंगामातला तो विक्रम! पण अंतिम सामन्यात त्याचा डेन्व्हरचा संघ ४३-८ असा सपाटून हरला, आणि लोक म्हणाले, मोठ्या सामन्यात याचे हातपाय गळतात. मग आला २०१५ चा हंगाम. मॅनिंग एकोणचाळीस वर्षांचा, दुखापतींनी बेजार. टचडाऊनचे पास फक्त ९, इंटरसेप्शन १७. मधले काही सामने तर त्याला बाहेर बसावं लागलं. पण त्या वर्षी डेन्व्हरचा बचाव जबरदस्त होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी सुपर बोल २४-१० असा जिंकला, आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला बचावातला व्हॉन मिलर. मॅनिंगच्या नावापुढे मात्र 'दोन सुपर बोल' असं दिमाखात लिहिलं गेलं. उत्तम खेळला त्या वर्षी बदनाम झाला, आणि अडखळत खेळला त्या वर्षी जगज्जेता! आता सांगा, हे माप मॅनिंगला मोजतंय की त्याच्या संघाला?

तुम्ही म्हणाल, मग आकडे बघावेत. आकडे तर ढीगभर आहेत. १९७३ पासून एनएफएल क्वार्टरबॅकच्या पासला गुण देते. किती पास पोहोचले, किती यार्ड मिळाले, किती टचडाऊन झाले, किती इंटरसेप्शन, यांचा हिशेब करून. त्यात पैकीच्या पैकी म्हणजे किती, ठाऊक आहे? १५८.३! (असा पेपर तपासणारे गुरुजी मला तरी भेटलेले नाहीत.) पण साथीदाराच्या हातून निसटलेला चेंडू या गणितात कुठेच बसत नाही. माझ्या भाच्याच्या दोस्ताचे दोन हात त्यात दिसणार नाहीत.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. अन्याय फक्त शिव्यांचाच होतो असं नाही, कौतुकाचाही होतो. २०१३ पासून २०२४ पर्यंतच्या बाराही हंगामांत वर्षाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून क्वार्टरबॅकचीच निवड झाली. बारापैकी बारा! ते पुढचे पाच धिप्पाड गडी वर्षभर दुसऱ्यांचे घाव झेलतात. त्यांतल्या एकाचं तरी नाव तुमच्या-माझ्या कानावर आलंय का? जिंकल्यावर हार ज्याच्या गळ्यात, हरल्यावर जोडेही त्याच्याच गळ्यात. मोठे क्वार्टरबॅक हे जाणून असतात, आणि मला वाटतं बरेचसे ते सोसतातही.

पण काही गोष्टी सोसायला सांगणंच चूक. त्यांतली सर्वांत जुनी म्हणजे कातडीचा रंग. क्वार्टरबॅक म्हणजे डोक्याचं काम, आणि ते काळ्या खेळाडूंना जमणार नाही, असं तिथे वर्षानुवर्षं मानलं जाई. वॉरन मून हा १९७८ साली विद्यापीठातून बाहेर पडला तेव्हा एनएफएलच्या एकाही संघाने त्याला निवडलं नाही. तो कॅनडात गेला, तिथे सलग पाच वेळा अजिंक्यपद मिळवलं, मग १९८४ मध्ये परत बोलावणं आलं. २००६ मध्ये याच मूनला अमेरिकेतल्या फुटबॉलच्या सन्मानगृहात जागा मिळाली. १९८८ च्या जानेवारीत डग विल्यम्सने वॉशिंग्टनला ४२-१० असा सुपर बोल जिंकून दिला. असं करणारा तो पहिला काळा क्वार्टरबॅक. हा सगळा जुना काळ म्हणावा, तर २०१८ मध्येसुद्धा लमार जॅक्सनला काही जाणकारांनी सल्ला दिला की, तू क्वार्टरबॅक होण्याचा नाद सोड, चेंडू झेलायचं काम कर! पुढच्याच वर्षी तो सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. पन्नास मतदारांची पन्नास मतं त्याला.

दुसरी गोष्ट म्हणजे दुखापत. इंडियानापोलिसच्या संघाचा अँड्र्यू लक हा अतिशय गुणी क्वार्टरबॅक. सहा-सात वर्षांत त्याचा खांदा मोडकळला, बरगड्यांना मार बसला, मूत्रपिंडाला इजा झाली. २०१७ चा अख्खा हंगाम त्याला खेळता आला नाही. २४ ऑगस्ट २०१९ ला, हंगामाआधीचा एक सरावाचा सामना चालू असताना, बातमी फुटली की लक निवृत्त होतोय. वय अवघं एकोणतीस. तो मैदानातून बाहेर जायला निघाला तेव्हा त्याच्याच गावच्या लोकांनी, त्याच्याच नावाचे शर्ट घातलेल्यांनी त्याची हुर्यो उडवली! नंतर पत्रकारांशी बोलताना त्याने सांगितलं की ती हुर्यो ऐकून वाईट वाटलं. दुखणं, उपचार, पुन्हा दुखणं या फेऱ्यात खेळातला आनंदच उरला नाही, असंही तो म्हणाला. भाच्याचा पैशांचा मुद्दा मला इथे येऊन तोकडा वाटतो. पैसे खेळण्याचे मिळतात. मूत्रपिंड काही त्या करारात गहाण पडत नाही.

आपण तरी कुठे वेगळे? मार्च २००६ मध्ये मुंबईला वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर १ धाव काढून बाद झाला, तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी त्याचीही हुर्यो उडवली होती. मुंबईत, सचिनची! 'सचिनने शतक काढलं की भारत हरतो' हे वाक्य तर तुमच्या बाबांनी नक्की ऐकलं असेल. त्याच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ३३ शतकांच्या वेळी भारत जिंकला आहे. एकदा त्यांना विचारून बघा.

वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाल्यांची बाजूही थोडी समजून घेऊ. अमेरिकेत खेळाचा रेडिओ सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो. सामना आठवड्यातून एक, आणि बडबड सात दिवसांची! 'बचावातल्या तिसऱ्या गड्याचा पाय चुकीच्या जागी पडला' हे सांगायचं तर सामना चार वेळा मागेपुढे करून बघावा लागतो. 'क्वार्टरबॅकने घालवला' हे सांगायला काहीच बघावं लागत नाही. ताईच्या गाडीत मी तो रेडिओ रोज ऐकत असे. त्या वर्षी ईगल्सनी पहिल्या अकरापैकी दहा सामने जिंकले आणि शेवटच्या सहांपैकी पाच हरले. ३१ डिसेंबरला ॲरिझोनाच्या संघाने त्यांच्यावर ३५ गुण केले. समोरच्यांचे गुण अडवणं हे काही हर्ट्सचं काम नाही. तरी नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी फोन करणारे एकामागून एक हर्ट्सच्याच नावाने खडे फोडत होते.

या हर्ट्सला असल्या गोष्टींची सवय तशी लवकरच लागली. जानेवारी २०१८ मध्ये तो अलाबामा विद्यापीठाकडून राष्ट्रीय अंतिम सामना खेळत होता. मध्यंतरापर्यंत संघ ०-१३ असा मागे पडला आणि प्रशिक्षकांनी त्याला खाली बसवून दुसऱ्या मुलाला पाठवलं. त्या मुलाने सामना जिंकून दिला. सारा देश टीव्हीवर बघत होता. हर्ट्सचं वय तेव्हा एकोणीस. त्याच वर्षी डिसेंबरात, आणखी एका मोठ्या सामन्यात, तो दुसरा मुलगा जखमी झाला. आता हर्ट्सला उठवलं गेलं. त्याने मागे पडलेला सामना ३५-२८ असा फिरवला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच हर्ट्सने ईगल्सना सुपर बोल जिंकून दिला, ४०-२२. सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्या रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, मी तुला आधीपासून सांगत होतो ना!"

मी उशीची आठवण काढली नाही.

प्रेक्षक नेहमीच निष्ठुर असतात असं मात्र नाही हं. मघाच्या त्या बफेलोच्या नॉरवुडचं पुढे काय झालं, ते राहिलंच. तो सामना हरून संघ दुसऱ्या दिवशी गावी परतला, तेव्हा हजारो लोक चौकात जमले होते. भर जानेवारीतली बफेलोची थंडी! खेळाडू एकेक करून बोलत होते, आणि नॉरवुड मागे उभा होता. तेवढ्यात गर्दीतून आरोळी उठली, "आम्हांला स्कॉट हवा!" ती वाढतच गेली. शेवटी त्याला पुढे यावं लागलं. बोलताना त्याला गहिवरून आलं. पुढच्या हंगामातही तो बिल्सकडूनच खेळला, आणि अंतिम सामन्यात पोहोचवणारी लढत बिल्सनी डेन्व्हरविरुद्ध १०-७ अशी जिंकली. त्या दहांतले तीन गुण नॉरवुडचे होते, ४४ यार्डांवरून.